दोन खोल्यांच्या फ्लॅटमधली मँडोलिन

चाळिशी ओलांडल्यावर, दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, घरात कुणाची झोपमोड न करता मँडोलिन शिकता येते. नोव्हेंबर २०२३ पासून मी याच्याच मागे आहे, म्हणून हे खात्रीने सांगते. सुरुवातीला माझ्याकडे नुसते प्रश्न होते. वाद्य कुठे मिळतं, किती पैसे बाजूला काढायचे, कोण शिकवतं, बिघडलं तर कुणाकडे न्यायचं, सोसायटीत कुणी कुरकुर केली तर काय करायचं? कोल्हापुरात याची उत्तरं मिळतात, पण दहा ठिकाणी विचारून. ती सगळी इथे घडली त्या क्रमाने लिहिते आहे.

मँडोलिनच का, हे सगळे विचारतात. आमचे बाबा जुन्या हिंदी गाण्यांचे वेडे. गाण्याच्या मधल्या तुकड्यात झिणझिण करत मँडोलिन आली की रेडिओचा आवाज वाढवायचे आणि आम्हाला गप्प बसवायचे. संगीतकार सज्जाद हुसेन (१९१७–१९९५) हे नाव मी पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून ऐकलं. या परदेशी वाद्यावर सज्जादसाहेब रागदारी वाजवत. बाबा गेल्यावर घर आवरताना जुन्या कॅसेट निघाल्या आणि वाटलं, आता नाही तर कधी? त्या वर्षी दिवाळीचा बोनस हातात आला होता. मी उद्यमनगरातल्या एका कारखान्यात हिशेब सांभाळते. वर्षभर दुसऱ्यांच्या पैशाचा मेळ घालणाऱ्या बाईने थोडे पैसे स्वतःवर खर्च केले, तर बिघडलं कुठे?

भाऊबीज झाल्यावर दुकानं पालथी घालायला सुरुवात केली. हार्मोनियम, तबला, ढोलकी, कीबोर्ड, गिटार म्हणाल तेवढं आहे. मँडोलिन मात्र कुणी दुकानात ठेवत नाही, कारण मागणी नाही. "ऑर्डर द्या, मागवून देतो," असंच सगळीकडे. एका ठिकाणी एक जुनी मँडोलिन भिंतीवर टांगलेली होती. तिची मान इतकी वाकली होती की बाराव्या पडद्यापाशी (पडदे म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या काड्या) तार आणि मानेवरची बोटं दाबायची पट्टी यांच्यामधून पेन्सिल आरपार गेली असती. दुकानदाराने स्वतःच सांगितलं, "वहिनी, ही शोभेची हाय. घेऊ नका." त्या माणसाचे मी आजही आभार मानते.

शेवटी एका दुकानात दोन हजार रुपये ॲडव्हान्स दिला. एकूण किंमत साडेनऊ हजार. पाठ सपाट, अंग थेंबाच्या आकाराचं, त्यावर दोन लांबट भोकं. नवशिक्याला हाच प्रकार बरा. वेलबुट्टीवाला, गुंडाळलेल्या कानाचा प्रकार दिसायला देखणा असतो, पण त्याच पैशात त्याचं लाकूड आणि खुंट्या हलक्या येतात. जुन्या इटालियन चित्रांत दिसते ती भोपळ्यासारख्या फुगीर पाठीची मँडोलिन मांडीवरून सारखी घसरते.

ॲडव्हान्स देताना तीन गोष्टी लिहून घ्या: मॉडेलचा पूर्ण क्रमांक, मिळण्याची तारीख, आणि माल आला नाही तर ॲडव्हान्स परत मिळेल हे वाक्य. "आठ दिवसांत येईल" म्हणाले होते, आली जानेवारीच्या मध्यात. मधल्या काळात दर शनिवारी फोन. कधी ट्रान्सपोर्ट बंद, कधी पुण्याहून निघाली, कधी साहेब गावाला. पावतीवर तारीख होती म्हणून मला न भांडता विचारता आलं, आणि त्यांनीही उशिराबद्दल कापडी पिशवीचे नऊशे रुपये घेतले नाहीत.

खोकं दुकानातच उघडायला लावलं आणि मोबाइलवर व्हिडिओ काढला. हे नक्की करा. कारण घरी येऊन आठही खुंट्या फिरवून बघितल्या, तेव्हा तिसऱ्या जोडीची एक खुंटी ढिली निघाली. स्वर लावला की पाच मिनिटांत उतरायचा. वॉरंटी सहा महिन्यांची होती, तारा आणि रोजच्या वापरातली झीज सोडून. कंपनीला मेल केला. सोबत पक्क्या बिलाची प्रत, आतल्या लेबलवरच्या अनुक्रमांकाचा फोटो आणि व्हिडिओ. दोन दिवसांनी तक्रार क्रमांक आला. मग त्यांनी पुन्हा बिल मागितलं, पुन्हा फोटो मागितला. मी प्रत्येक मेलच्या विषयात तक्रार क्रमांक टाकत गेले. फेब्रुवारी संपता संपता खुंट्यांचा नवा संच कुरिअरने आला. बसवायचा मात्र आपला आपण.

इथून मिरज सुरू होते, आणि माझ्या मते वाद्याचं खरं आयुष्यही. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ती बातमी पुढे काही आठवड्यांनी आली. पण कोल्हापूर-सांगलीकडच्या वाजवणाऱ्यांना हे गाव पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. सरळ सकाळची गाडी पकडली. रुकडी, हातकणंगले, जयसिंगपूर करत तासा-सव्वातासात मिरज. स्टेशनवरून रिक्षावाल्याला "सतारमेकर गल्ली" म्हटलं की पुरे.

ज्या कारागीर चाचांकडे गेले ते सतारीच्या भोपळ्याला रंग देत बसले होते. मँडोलिन हातात घेतली, वाजवली नाही. आधी डोळ्यासमोर आडवी धरून बंदूक रोखल्यासारखी मान बघितली. मग म्हणाले, "मान सरळ आहे ताई. वाद्य चांगलं आहे. पण तारा आभाळात आहेत."

तारा आभाळात म्हणजे काय, ते नीट सांगते, कारण नव्वद टक्के लोक शिकणं इथेच सोडतात असं मला वाटतं. मँडोलिनला आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या. प्रत्येक जोडी एकाच स्वरात. वाजणाऱ्या तारेची लांबी जेमतेम चौदा इंच, आणि आठ तारांचा मिळून ताण सत्तर किलोच्या आसपास. त्यात तारा पट्टीपासून उंच असतील, तर बोट नुसतं दुखत नाही, दाबताना तार ताणली जाऊन स्वरही चढतो. म्हणजे शिकणाऱ्याला वाटतं आपला कान वाईट, आणि दोष असतो उंचीचा. माझ्या वाद्यावर बाराव्या पडद्यापाशी तीन मिलिमीटरहून जास्त अंतर होतं. चाचांनी ते दोनच्या आत आणलं.

कसं, ते मी शेजारी स्टुलावर बसून बघितलं. मँडोलिनची घोडी, म्हणजे तारा उचलून धरणारा लाकडी तुकडा, चिकटवलेली नसते. तारांच्या दाबावर ती जागेवर उभी राहते. तिला दोन बारीक चाकं असतात, ती फिरवून उंची कमी-जास्त होते. मानेच्या वरच्या टोकाच्या पट्टीत तारांसाठी खाचा असतात, त्या त्यांनी बारीक कानशीने एकेक घास देत खोल केल्या. घासायचं, तार बसवायची, पहिल्या पडद्यावर बोट ठेवून ऐकायचं, पुन्हा काढायची. मग घोडी पुढे-मागे सरकवणं. बाराव्या पडद्यावर तारेला नुसता स्पर्श करून येणारा स्वर आणि तिथेच दाबून येणारा स्वर जुळेपर्यंत घोडी केसाकेसाने हलवत होते. जुळल्यावर घोडीच्या पायांभोवती शिसपेन्सिलीने रेघ मारली आणि बजावलं, "सगळ्या तारा एकदम काढायच्या नाहीत. एक काढा, एक घाला. नाहीतर घोडी पडेल, आणि पुन्हा मिरज!"

खुंट्या त्याच दिवशी बदलल्या नाहीत. त्यांच्याकडे तंबोऱ्यांची मोठी ऑर्डर चालू होती. वाद्य ठेवून यावं लागलं आणि मार्च अर्धा सरल्यावर परत घेऊन आले. सगळ्या कामाचे सातशे रुपये झाले, आणि नव्या हलक्या तारांच्या संचाचे साडेसहाशे. तारा घेताना पाकिटावर ०.०१० ते ०.०३४ इंच असं बघा. जाड संच आवाजाला भरदार असतो, पण नव्या बोटांना आणि दोन खोल्यांच्या घराला पातळच बरा. साडेनऊ हजारांच्या वाद्यावर हजार-पंधराशे या कामासाठी ठेवा. पंधरा हजारांचं वाद्य घेऊन हे काम न करण्यापेक्षा ते कितीतरी चांगलं.

शिक्षकाचा शोध त्याहून लांबला. कोल्हापूर हे थोर गवई अल्लादियाखाँसाहेबांचं गाव. १८८३ पासूनची देवल क्लब ही संगीतसंस्था इथे आहे. गाणं शिकवणारे, तबला शिकवणारे पेठापेठांत. मँडोलिन शिकवणारं कुणी मला सापडलं नाही. मग एका ओळखीच्या तबलजींनी सुचवलं की व्हायोलिनवाल्यांना विचार. त्या एका वाक्याने दार उघडलं. कारण मँडोलिन आणि व्हायोलिन यांच्या तारा मुळात एकाच स्वरांना लागतात: जाड बाजूने जी, डी, ए, ई. बोटांच्या जागाही त्याच. फरक एवढाच की व्हायोलिनला पडदे नाहीत आणि मँडोलिनला गज नाही.

मंगळवार पेठेतल्या एका व्हायोलिनच्या सरांनी होकार दिला, एप्रिल २०२४ पासून. आठवड्याला एक तास, महिन्याला बाराशे रुपये. ते स्वतःचं व्हायोलिन हिंदुस्थानी पद्धतीने प-सा-प-सा असं लावतात. मला मात्र म्हणाले, "तुमच्या तारा जशा लागतात तशाच ठेवा. सा आपण हलवू." पेटीच्या पांढरी दोनला, म्हणजे डीला, सा मानला. मग जाड जोडी झाली खालचा मध्यम, दुसरी सा, तिसरी पंचम आणि बारीक जोडी वरचा रिषभ. वाद्याचा असा नकाशा हातात आल्यावर मला पहिल्यांदा वाटलं की हे आपल्याला जमेल.

पहिला राग भूप. त्यातही सरांचा विचार होता: सा रे ग प ध, पाचच स्वर, आणि सगळे बोटाखाली सहज येतात. दुसऱ्या जोडीवर मोकळी तार सा, दुसरा पडदा रे, चौथा ग. तिसऱ्या जोडीवर मोकळी तार प, दुसरा पडदा ध, पाचवा वरचा सा. घरी मँडोलिन पडून असेल तर आत्ता वाजवून बघा, संध्याकाळपर्यंत आरोह बसेल. अवघड आहे ती मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं. पडदे आहेत आणि एकाच स्वराच्या दोन तारा, त्यामुळे दोन्ही सारख्याच ओढल्या नाहीत तर स्वर फाटतो. कर्नाटक संगीतातले यू. श्रीनिवास (१९६९–२०१४) म्हणूनच जोड्यांऐवजी पाच एकेरी तारांची इलेक्ट्रिक मँडोलिन वाजवत. हे कळल्यावर मी मींडेच्या मागे लागणं थांबवलं आणि छोट्या कणस्वरांवर, म्हणजे मुख्य स्वराआधी हलकेच शिवून जाणाऱ्या स्वरांवर, भर दिला.

आता हळू वाजवण्याचं. मँडोलिन दिसायला एवढीशी, पण आवाज टोकदार. भिंतीतून आरपार जाते. सासूबाई नऊला झोपतात, मुलाचा अभ्यास, वरच्या मजल्यावरच्या काकूंची नात तेव्हा दहावीला. मला वेळ मिळणार रात्री साडेनऊनंतर किंवा पहाटे. खोक्यातल्या पॅकिंगच्या फोमची बोटभर रुंद पट्टी कापली आणि घोडीच्या अगदी जवळ तारांखाली सरकवली. आवाज एकदम बसतो, स्वर मात्र बदलत नाही. घोडीच्या पलीकडे तारांचा जो तुकडा उरतो तोही झिणझिणतो, त्यात सुती रुमाल वर-खाली विणून टाकला. मांडीवर वाकळ घेऊन वाद्याची पाठ पोटाला टेकवली की पाठीचा थरथराट विझतो. बसायचं कपड्यांच्या कपाटाचं दार उघडून, त्याच्याकडे तोंड करून. नखी, म्हणजे तारा छेडायचा छोटा चपटा तुकडा, मारायची ती घोडीपाशी नाही, मानेवरची पट्टी संपते तिथे. तिथे आवाज मऊ येतो. आणि नखी जाडच घ्या. पातळ नखीने आवाज कमी होतो खरा, पण तिची टिकटिक रात्रीच्या शांततेत जास्त टोचते.

दार लावून नवऱ्याला बाहेर उभं केलं आणि विचारलं. म्हणाला, "पंखा जास्त ऐकू येतोय."

या हळू वाजवण्याने मला काय दिलं, ते सांगायलाच हवं. जोरात वाजवताना डाव्या हाताची चूक आवाजात झाकली जाते. फोम लावला की बोट पडद्याच्या नेमकं मागे पडलं नाही तर नुसता खट् असा आवाज येतो, स्वर येतच नाही. सरांनी दोन महिन्यांनी बोटं बघून विचारलं, एवढा स्वच्छ हात कुणी बसवला? फोमच्या पट्टीने.

पण सगळा रियाज असा होत नाही. मँडोलिनचा स्वर लगेच विरतो, म्हणून लांब स्वर हवा तर नखी खाली-वर वेगाने चालवत तो धरून ठेवावा लागतो. ही थरथर दबलेल्या तारांवर शिकता येत नाही, ती मोकळ्या आवाजातच कळते. त्यासाठी जून २०२४ मध्ये सोसायटीच्या सेक्रेटरींना अर्ज दिला: शनिवार-रविवार संध्याकाळी सहा ते सात, पार्किंगच्या मागच्या खोलीत वाजवू द्यावं. दोन प्रती, एकीवर पोहोच. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. माझी वेळ दिवसातच येते हे त्यात लिहिलं. कमिटीची बैठक लांबत गेली आणि मंजुरी ऑगस्टमध्ये इतिवृत्तात नोंदली गेली. खोलीच्या वीज-पंख्याचे महिना शंभर रुपये भरायचे ठरले. तोंडी परवानगीवर भागवू नका. कमिटी बदलते, कागद राहतो.

मधल्या जुलैत पाऊस असा लागला की राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली. सरांच्या बाजूला रस्ते बंद, शिकवणी बंद. घरात भिंतींना ओल, आणि वाद्याचा आवाज बोळा घातल्यासारखा. तारांवर हाताला खरखर लागायला लागली. पावसाळ्यात वाजवून झालं की तारा कोरड्या सुती फडक्याने वरून आणि खालूनही पुसायच्या. पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाकायच्या आणि वाद्य भिंतीला टेकवून ठेवायचं नाही. पुड्या कुठूनही मिळतात, चपलांच्या खोक्यांतल्या मी सगळ्या बिल्डिंगमधून गोळा केल्या. गणपतीच्या आधी तारांचा नवा संच चढवला, एक काढून एक घालत.

त्या वर्षीच्या गणपतीत मी वाजवलं नाही. सर म्हणाले, थांबा. मीही थांबले, आणि ते बरं झालं. वर्षभरात थरथर सुधारली. साठच्या लयीत, म्हणजे मिनिटाला साठ मात्रा, एका मात्रेला चार आघात इथून सुरुवात केली होती आणि लय फार सावकाश वाढवली. मनगट सैल राहिलं तर वाढवायची, दुखलं तर दोन पायऱ्या खाली. हिवाळ्यात कंपनीची वर्षअखेर सुरू झाली की आठवडेच्या आठवडे वाद्य पिशवीबाहेर आलं नाही. असं झालं तर परत सुरू करताना पंधरा मिनिटांवर थांबा, कारण बोटांच्या टोकांची कातडी मऊ पडलेली असते.

२०२५ मध्ये गणपती २७ ऑगस्टला बसले. सोसायटीच्या सांस्कृतिक कार्यक्रमाची यादी आधीच लागली होती. सात मिनिटांच्या जागेसमोर मी नाव लिहिलं. मुलांचे नाच, एक मिमिक्री आणि मग मी. तानपुरा मोबाइलच्या ॲपवर, पांढरी दोनमध्ये. माइकची तयारी दुपारीच करून ठेवली: माइक भोकासमोर धरला तर घुमतो, मान जिथे अंगाला मिळते तिथे वीतभर लांबून धरला तर तारांचा आवाज खरा येतो. साउंडवाल्या पोराला तेवढं सांगून ठेवा, ते ऐकतात.

बसले तेव्हा हात गार पडले होते. आधी नुसता सा धरला, लांब, थरथर न मोडता. मग भूपाचा आलाप, अगदी थोडा, आणि सरांनी बांधून दिलेली मध्यलयीतली धून. ठेक्याला शेजारच्या विंगमधला कॉलेजचा मुलगा. मधे एकदा वरच्या सावर जाताना एक तार किंचित उतरल्याचं मला ऐकू आलं. बाकी कुणाला आलं असेल असं वाटत नाही. सासूबाई पहिल्या रांगेत होत्या. त्या दिवशी नऊनंतरही जाग्या राहिल्या. खाली उतरल्यावर वरच्या काकू म्हणाल्या, "अगं, दीड वरीस तू हे वाजवत होतीस व्हय? आम्हाला कसं ऐकूच आलं न्हाई?" एवढं समाधान मला टाळ्यांनी दिलं नाही.

त्याच काकूंची नात आता बारावीला आहे. परीक्षा झाल्यावर तिला शिकायचं आहे. तिच्यासाठी वापरलेली मँडोलिन बघतो आहोत, कारण नवीन घेऊन सहा महिन्यांत ठेवून देण्यापेक्षा ते परवडतं. बघताना मी काय तपासते: मान डोळ्यासमोर धरून सरळ आहे का, घोडीखालचं लाकूड आत बसलंय का, प्रत्येक खुंटी दोन्हीकडे सारखी फिरते का, प्रत्येक पडद्यावर प्रत्येक जोडी वाजवून कुठे खरखरतं का, आणि तारांखाली पडद्यांना खळगे पडलेत का. खळगे असतील तर भाव करायचा आणि ते काम मिरजेत करून घ्यायचं. घोडीखालचं लाकूड बसलेलं असेल, तर कितीही स्वस्त मिळाली तरी ती घ्यायची नाही. गेल्या रविवारी गांधीनगरला एक बघितली, खुंट्या चांगल्या होत्या, पण लाकूड बसलेलं होतं. पुढची इचलकरंजीला आहे, मालक साडेतीन हजार म्हणतोय.